देशी डाव, विलायती कायदा

इ. स. १८१४ मध्ये, म्हणजे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची गादी अजून शाबूत असताना, मुंबईत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापून प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. पटावरचे अवघड प्रसंग मांडून त्यांतून मात कशी साधावी हे शिकविणारी ही मूळची संस्कृत रचना शास्त्रीबोवांनी साहेबाच्या भाषेत आणली. परंतु केवळ भाषा पालटून ते थांबले नाहीत, तर ते प्रसंग युरोपीय खेळाच्या रीतीस जुळतील असे बेतून घेऊन तसे त्यांनी पुस्तकाच्या शीर्षकातच नमूद केले. ज्या देशात या खेळाचा उगम झाला असे जग मानते, त्याच देशातल्या एका पंडिताने आपल्या विद्येची कोठी परक्यासाठी उघडताना नियम मात्र परक्याचे पत्करावे, हे वरकरणी चमत्कारिक दिसते. पण शास्त्रीबोवांची अडचण खरी होती. पुस्तक वाचणारा मनुष्य त्यांच्यासमोर पट मांडून बसलेला नव्हता. ‘आमच्याकडे प्यादे असे चालते’ असे त्याला जागच्या जागी समजावून सांगण्याची सोय नव्हती. आणि जो समोर नाही त्याच्याशी व्यवहार करावयाचा तर त्याला ठाऊक असलेल्या कायद्यानेच तो करावा लागतो.

पुष्कळ जुन्या खेळांच्या बाबतीत असे आढळते की, घरोघरी त्यांची दहा रूपे नांदत असली तरी चुरशीने खेळणारी मंडळी त्यांतले एकच रूप उचलतात आणि मग त्यात कानामात्रेचाही फेरफार खपवून घेत नाहीत. याचे कारण विचारले असता बहुधा असे उत्तर मिळते की, जे रूप सर्वांत सरस ते टिकले. हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. बुद्धिबळाचाच इतिहास पाहिला तर निवड झालेले रूप सरस होते म्हणून निवडले गेले असे म्हणण्यास फारसा आधार सापडत नाही; ते निवडले गेले ते गैरहजर माणसाच्या सोयीसाठी. दुसऱ्या गावचा प्रतिस्पर्धी, पुढच्या पिढीतला वाचक, निकालाची नोंद ठेवणारा कारकून, तंटा उपस्थित झाल्यास निवाडा देणारा पंच, ही सारी मंडळी डाव मांडताना हजर नसतात, आणि स्पर्धेचा कायदा प्रामुख्याने त्यांच्यासाठी असतो.

आपल्याकडील देशी पद्धत कशी होती हे आजच्या तरुण वाचकास थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण ती पाहिलेली माणसे आता विरळ झाली आहेत. मोहरी तीच, पटाची चौसष्ट घरेही तीच, घोड्याची अडीच घरांची चालही तीच. परंतु काळ्यापांढऱ्या घरांचा पट आपल्याकडे मूळचा नव्हे. कापडावर साध्या रेघांनी पाडलेली घरे आणि त्यांतल्या काहींवर फुल्या, असा जुना पट असे. विलायती मांडणीत राजासमोर राजा आणि वजिरासमोर वजीर येतो. देशी मांडणीत राजासमोर शत्रूचा वजीर उभा राही. प्यादे सर्वसाधारणपणे एकच घर पुढे सरके, त्यामुळे विलायती डावात दुसऱ्याच खेळीला दोन्ही फौजांची जी झटापट होऊ शकते ती येथे कितीतरी उशिरा होई. राजा व हत्ती यांना एकाच खेळीत हलवून राजाचा किल्लेकोट करण्याची विलायती युक्ती नव्हती. तिच्या ऐवजी राजाला डावातून एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारण्याची मुभा होती, मात्र तोपर्यंत त्याला एकदाही शह बसलेला नसावा, ही अट. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले म्हणजे हवे ते मोहरे मागण्याचा हक्क नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोहोचले तेच मोहरे पदरात पडे, आणि तेही आपले तसे मोहरे आधी मारले गेले असेल तरच.

हे फरक वाचताना किरकोळ वाटतात. प्रत्यक्ष पटावर त्यांनी खेळाचा सारा नूर कसा पालटतो हे पाहण्यासाठी दोनच गोष्टी घेऊ. विलायती पद्धतीत पाचव्या-सहाव्या खेळीला दिलेला निरर्थक शह हे नवशिक्याचे लक्षण समजतात, कारण मध्ये एखादे मोहरे घातले की शह टळतो आणि शह देणाऱ्याचीच खेळी फुकट जाते. देशी पद्धतीत मात्र तोच शह मोलाचा ठरतो: तो बसताच शत्रूच्या राजाचा उडी मारण्याचा हक्क कायमचा संपुष्टात येतो आणि त्याला आपल्या निवाऱ्याकडे एकेक घर तुडवीत पायी जावे लागते. म्हणजे एका पद्धतीतली घोडचूक दुसऱ्या पद्धतीतले मुरब्बीपण होय. दुसरी गोष्ट डावाच्या अखेरीची. प्रतिपक्षाचे सारे सैन्य कापून काढून त्याचा राजा एकटा उरला तर बऱ्याच ठिकाणी त्यास बुर्जी म्हणत आणि तो डाव जिंकल्यात जमा होत नसे. फार तर अर्धे यश. म्हणून कसलेला खेळाडू विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचल्यानंतर शत्रूचे एखादे कोपऱ्यातले प्यादे मुद्दाम जिवंत ठेवी, त्याला इजा होणार नाही अशी काळजी घेई, ते प्यादे पुढे सरकून आपलाच घात करणार नाही याचाही हिशेब ठेवी, आणि मग राजाला घेरी. शत्रूच्या शिपायाचा असा सांभाळ करण्याची कला विलायती खेळात कोणालाच शिकावी लागत नाही. त्यातही मात कशाने झाली यावरून विजयाची प्रतवारी असे. वजिराने केलेली मात ती मात खरी, पण प्यादेमात म्हणजे हरणाऱ्याची खरी नामुष्की. आजही बोलण्यात कोणी कोणाला प्यादेमात करतो तेव्हा त्या जुन्या प्रतवारीचाच दरारा आपण नकळत वापरीत असतो.

आता असा खेळ बुद्धीच्या कसोटीस कोठे कमी पडतो, हे मला तरी सांगता येणार नाही. संथ आहे खरा. पण पाच दिवस क्रिकेट पाहणाऱ्यांनी संथपणाची तक्रार करू नये. देशी पद्धतीचे दुखणे वेगळेच होते, आणि ते असे की ती एक पद्धत नव्हतीच. हॅरोल्ड मरे या इंग्रज संशोधकाने १९१३ साली बुद्धिबळाचा जो प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला त्यात हिंदुस्थानात चालणाऱ्या खेळाचे हिंदुस्थानी, पारशी आणि रूमी असे तीन प्रमुख प्रकार त्याने वेगळे काढले आहेत, आणि या तिन्हींच्या पोटात पुन्हा प्रांतोप्रांतीचे भेद होते. कोठे काही ठरावीक प्यादी पहिल्या खेळीला दोन घरे जात, कोठे एकही जात नसे. कोठे आरंभी दोन्ही पक्ष चार-सहा खेळ्या एकदम करून मगच खरी लढाई सुरू करीत. शह नसताना राजाला हलावयास घरच उरले नाही तर काय करावे, यावर कोठे बरोबरी, तर कोठे अशी कोंडी करण्याचीच मनाई. प्रत्येक पेठेची पायली निराळी असावी आणि त्या त्या पेठेपुरता कोणाचाच तोटा होऊ नये, तशातली ही गत. धान्य बाहेरगावी न्यावयाचे ठरले म्हणजेच मापाचा तंटा उभा राहतो. दोन गावांचे दोन नामांकित खेळाडू एका पटावर बसत तेव्हा पहिली कैफियत खेळाची नसे, कायद्याची असे. आणि त्यात जो हरे तो पुढे डाव हरल्यानंतर आपण बुद्धीने नव्हे तर परक्या नियमाने हरलो असे म्हणावयास मोकळा राही.

ही अव्यवस्था केवळ आपल्याच वाट्याला आली होती असे मात्र कोणी समजू नये. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत देशोदेशी कायदे निराळे होते. राजाची वर सांगितलेली कोंडी झाली असता इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत, कोंडी करणाराच हरला असे धरीत. ती बरोबरी मानण्याची रीत तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. इटलीत किल्लेकोट करताना राजा व हत्ती यांनी मधल्या घरांपैकी कोठे बसावे याला पुष्कळ स्वातंत्र्य होते, आणि दोन घरे उडी घेणाऱ्या प्याद्याला वाटेत मारण्याचा इतरत्र मान्य असलेला हक्क तेथे नव्हता. रोम शहरातील सेराफिनो दुबुआ हा त्या काळचा फार मोठा खेळाडू. त्याने इटालियन व फ्रेंच नियमांतील भेदांवर लेखनही केले. परंतु १८६२ साली तो लंडनच्या स्पर्धेत उतरला तेव्हा त्याला आयुष्यभराची सवय मोडून तेथल्या नियमांनी खेळावे लागले, आणि तरीही त्याने पाचवा क्रमांक मिळविला. इटलीने आपला जुना कायदा १८८० च्या सुमारास सोडला. तो सोडण्यात इटालियन खेळाडूंनी आपल्या नियमांची हार मान्य केली असे नव्हे. लंडन-पॅरिसचे डाव ज्या ग्रंथांत छापले जात होते त्या ग्रंथांत आपल्या डावांना जागा नाही, हे त्यांना उमगले असावे.

१८५१ साली लंडनमध्ये जे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले त्याच्या निमित्ताने हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली. सोळा खेळाडू, जर्मनीचा अँडरसन विजयी, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की, निरनिराळ्या देशांचे जाणते एकत्र येतील तेव्हा त्यांची एक परिषद भरवून नियमांतील उरलासुरला भेद कायमचा मिटवावा, हाही स्टाँटनचा एक हेतू होता. तो तेव्हा सिद्धीस गेला नाही. उलट स्पर्धेनेच नवे प्रश्न उभे केले. एका खेळीला किती वेळ घ्यावा यावर काहीच बंधन नसल्यामुळे काही डाव असह्य रेंगाळले, आणि वेळ हाही नियमाचाच विषय आहे हे तेव्हा प्रकर्षाने ध्यानात आले. पुढे १८६१ च्या एका सामन्यात वाळूची घड्याळे आली आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत यांत्रिक दुहेरी घड्याळे. पांढऱ्याने प्रथम खेळावयाचे हेही त्या वेळी सर्वत्र ठरलेले नव्हते. मोहऱ्यांच्या आकाराचीसुद्धा तीच कथा. निरनिराळ्या घडणीच्या मोहऱ्यांत उंट कोणता आणि वजीर कोणता हे परदेशच्या पाहुण्याला चटकन ओळखता येईना. १८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स या कारखान्याने विक्रीस आणलेल्या आणि स्टाँटनचे नाव मिरविणाऱ्या सुबक मोहऱ्यांनी ही अडचण दूर केली, आणि आज जगातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त स्पर्धेत तीच घडण दिसते, राजाची उंची साडेनऊ सेंटिमीटरांच्या आसपास आणि घराची बाजू पाच ते सहा सेंटिमीटर. डोळ्याला लागलेली सवय हीसुद्धा खेळाडूची मिळकतच असते. ती त्याच्याकडून ऐनवेळी हिरावून घेणे न्यायाचे नव्हे.

अखेर २० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये त्याने आपली नियमसंहिता सिद्ध केली. योगायोग असा की, त्याच १९२९ साली देशी पद्धतीत वाढलेल्या एका हिंदी खेळाडूने इंग्लंडात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद पटकावून सर्वांना थक्क केले.

मीर सुलतान खान हा पंजाबातील मिठा टिवाणा गावचा. बापाकडून तो लहानपणी देशी बुद्धिबळ शिकला आणि तरुणपणीच प्रांतात नामांकित झाला. सर उमर हयात खान या बड्या जहागीरदाराने त्याला आश्रय दिला, आणि १९२६ च्या सुमारास त्याला विलायती नियम शिकविण्याची व्यवस्था केली. म्हणजे जो मनुष्य पुढे तीनच वर्षांनी ब्रिटिश साम्राज्याचा अजिंक्यवीर होणार होता त्याला तोपर्यंत प्याद्याने दोन घरे जाणे किंवा राजाने किल्लेकोट करणे अंगवळणी पडलेले नव्हते! १९३२ व १९३३ मध्ये त्याने ते पद पुन्हा जिंकले; १९३० ते १९३३ या अवधीत तीन ऑलिंपियाडांत इंग्लंडच्या पहिल्या पटावर तो बसला; हेस्टिंग्ज येथे त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविले, आणि १९३१ च्या जानेवारीत तार्ताकोवरसारख्या मातब्बराशी झालेला बारा डावांचा सामना साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. याच उमर हयात खानांच्या घरातील फातिमा नावाच्या तरुण सेविकेने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळविले, हेही विसरता कामा नये.

सुलतान खानाच्या खेळात एक उणीव मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि तिच्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. डावाचा आरंभ त्याला नीट साधत नसे. मध्य आणि अंत यांत तो कोणालाही भारी, पण पहिल्या दहा-बारा खेळ्यांत त्याची मोहरी अनेकदा अडचणीत सापडत. विंटर व येट्स या इंग्रज खेळाडूंनी रॅम्सगेटपूर्वी त्याची तालीम करून घेतली, तथापि युरोपच्या खेळाडूंनी जी आरंभविद्या पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथांतून साठविली होती ती दोन-तीन वर्षांत आत्मसात होण्यासारखी नव्हती. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, तो ज्या गोष्टीत कमी पडला ती बुद्धी नव्हे. तो कमी पडला तो साठ्यात. नियम एकच राहिले म्हणजे मेलेल्या खेळाडूंचे डावही जिवंत माणसाच्या उपयोगी पडतात. १८५८ सालचा मॉर्फी या अमेरिकन खेळाडूचा डाव आजचा विद्यार्थी पटावर मांडून त्यातून शिकू शकतो, कारण मॉर्फीचे प्यादे आणि त्याचे प्यादे एकाच चालीने चालते. देशी पद्धतीत बंगालच्या खेळाडूचे शहाणपण कोकणातल्या खेळाडूच्या कामी आले असते की नाही याचा भरवसा नव्हता. सुलतान खान १९३३ च्या अखेरीस मायदेशी परतला, स्पर्धांतून दिसेनासा झाला, आणि त्याच महासंघाने मरणोत्तर मानद ग्रँडमास्टरपद त्याला दिले ते २०२४ साली.

सरस रूप टिकते या समजुतीला सर्वांत चांगला छेद आजच्या काळातल्या एका पोरखेळ समजल्या जाणाऱ्या खेळाने दिला आहे. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये टेट्रिस हा संगणकीय खेळ रचला. चौकोनांचे तुकडे वरून पडत येतात, ते फिरवून बसवावयाचे, पूर्ण भरलेली ओळ नाहीशी होते. त्याच्या पुढे असंख्य आवृत्त्या निघाल्या. पण २०१० पासून अमेरिकेत जी जुन्या टेट्रिसची जागतिक स्पर्धा भरते तिने मान्य केलेली आवृत्ती निन्टेंडो कंपनीची, १९८९ सालची, आणि तीही अमेरिकेत विकली गेलेली. कारण युरोपातील दूरचित्रवाणी संचांची गती निराळी असल्याने तेथली प्रत वेगळ्या वेगाने चालते. या आवृत्तीत पुढचा एकच तुकडा दिसतो, नको असलेला तुकडा बाजूला राखून ठेवता येत नाही, आणि चार ओळी एकदम उडविणारा लांब दांडा कित्येक वेळ येतच नाही. खेळाडू त्याला चक्क दुष्काळ म्हणतात. नव्या आवृत्त्यांत सातही तुकडे प्रत्येक फेरीत एकदा तरी येतीलच अशी तजवीज असल्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये बारापेक्षा अधिक तुकडे कधीच पडत नाहीत. न्यायाच्या दृष्टीने नवी आवृत्ती निःसंशय उजवी. तरी मंडळी जुन्या यंत्रांना, जुन्या काचेच्या अवजड संचांना बिलगून बसली आहेत, कारण नव्या सपाट पडद्यावर चित्र क्षणाच्या अंशाने उशिरा उमटते आणि तेवढ्यानेही बोटांचा हिशेब चुकतो. त्यांची या यंत्रावर श्रद्धा आहे असे नव्हे. एकमेकांचे, आणि दहा वर्षांपूर्वीच्या खेळाडूंचे गुण शेजारी शेजारी मांडता यावेत म्हणून दोषांसकट एक यंत्र सर्वांनी कबूल केले आहे. जो दोष सर्वांना ठाऊक आणि सर्वांना सारखाच लागू, तो खेळाडूंच्या दरबारी दोष ठरत नाही.

बुद्धिबळातही हाच न्याय एकदा फार उघडपणे चालला. पन्नास खेळ्यांत एकही मोहरे मारले गेले नाही आणि एकही प्यादे हलले नाही तर डाव बरोबरीत सोडवावा, असा जुना नियम आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सन यांच्या संगणकाने दाखवून दिले की, दोन उंट विरुद्ध एक घोडा अशा शेवटात विजय शक्य असतो, पण त्यास कधी कधी सहासष्ट खेळ्या लागतात. सत्य असे समोर आल्यावर महासंघाने काही ठरावीक शेवटांपुरती मुदत वाढविली. थोड्याच वर्षांत ती सवलत रद्द झाली आणि पुन्हा सरसकट पन्नास कायम झाले. कोणत्या शेवटाला किती खेळ्या, याची यादी पंचाने खिशात बाळगावी आणि दमलेल्या खेळाडूने ती स्मरावी, यापेक्षा एक ओबडधोबड आकडा बरा, असा हा फैसला. मला तो पटतो, जरी गणिताच्या दृष्टीने तो अन्यायाचा असला तरी.

खेळ सुधारण्याचे प्रयत्न थोरामोठ्यांनीही करून पाहिले. बरोबरीच्या डावांचा सुळसुळाट होईल या भीतीने खुद्द कापाब्लांकाने दहा घरे रुंद पट व दोन नवी मोहरी सुचविली. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये पाठीमागच्या रांगेतील मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडण्याची, ९६० प्रकारांची योजना जाहीर केली. फिशरच्या योजनेला अलीकडे बरे दिवस आले आहेत आणि तिच्या स्पर्धाही होतात, परंतु मूळ मांडणीचे सिंहासन तिने हलविलेले नाही. जगज्जेत्यालासुद्धा ठराव मांडता येतो, त्यावर लाखोंच्या सह्या मिळवता येत नाहीत.

या एकरूपतेची किंमतही आपण मोजली आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. १९७० मध्ये महासंघाने अर्पाद एलो या अमेरिकेतील प्राध्यापकाची मानांकनपद्धती स्वीकारली. तीत प्रत्येक डावाचा निकाल एक, अर्धा किंवा शून्य, एवढाच. दोन खेळाडूंत दोनशे गुणांचे अंतर असले तर वरच्याने चार डावांत सुमारे तीन गुण मिळवावे, असे हिशेब त्यावर बसतात. अशा वहीत प्यादेमातीसाठी वेगळे खाते उघडता येत नाही. बुर्जीची सूक्ष्म लज्जा, शत्रूचे प्यादे राखून केलेल्या मातीचे कौतुक, हे सारे समोर बसलेल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या मेळ्यातच शोभते. नागपूरच्या खेळाडूचा डाव जॉर्जियातल्या पंचाने नोंदवावयाचा तर ती प्रतवारी गळून पडणारच.

तथापि देशी खेळ अगदी निपुत्रिक गेला असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी शेकडो डाव खेळला आणि ते त्याने टिपून ठेवले. महेशचंद्र विलायती नियमांनी खेळत, पण एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांचा संस्कार हातात भिनलेला. म्हणून ते घाईने मध्यभाग न बळकावता प्यादी एक-एक घर पुढे करून उंट बाजूच्या घरात बसवीत. युरोपच्या पंडितांना ही मांडणी तेव्हा मागासलेली वाटली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हीच मांडणी नव्या विचारांच्या खेळाडूंनी उचलून धरली, आणि किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन या नावांनी ती आज जगभर खेळली जाते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला, १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तिचे विजेतेपद आंध्रचे डी. वेंकय्या व महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे यांनी विभागून घेतले. तरी घरोघरी देशी डाव १९६० च्या आसपासपर्यंत चालूच होता. मॅन्युएल आरन हे १९६१ मध्ये भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले आणि तरुणांची नजर विलायती नियमांकडे वळविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे जे काम केले, मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धांत जे वर्चस्व गाजविले, आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे जो महिला विश्वचषक जिंकला, ते सर्व एकाच संहितेच्या आधारावर. ती संहिता पत्करली नसती तर हे यश मिळाले नसते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण स्पर्धेने एक रूप स्वीकारले म्हणून बाकीच्या रूपांची दप्तरे जाळून टाकावी असे काही ठरलेले नाही. आपल्या गावी बुर्जी केव्हा धरीत, कोणती प्यादी दोन घरे जात, राजाची उडी शह बसल्यावर चाले की नाही, हे ज्या वृद्धांना अजून आठवते त्यांच्याकडून ते विचारून घेऊन, गावाच्या व तालुक्याच्या नावानिशी लिहून ठेवावे, आणि जमल्यास जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, एवढी वाचकांना विनंती आहे.